बडेकर काकांचे एक फूट चार इंच

"आधी हात दाखव."

गॅसचं सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाने ते दारात उतरवलं आणि मुकाट्याने दोन्ही तळवे पुढे केले. आतून बडेकर काका आले. चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि त्याचे तळवे एखादा अर्ज वाचावा तसे वाचले.

"ह्ये काय हाय?"

"ग्रीस हाय, काका. सिलिंडरचं काम, हात कसं राहतील?"

"मंग तू नको आत येऊ. मी नेतो. आत साहेबाचं ड्रॉइंग पसरलंय."

आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या त्या माणसाने सिलिंडर कलतं करून, गोल गोल फिरवत, स्वयंपाकघरापर्यंत नेलं. मग सिंकपाशी जाऊन स्वतःचे हात साबणाने दोनदा धुतले, कारण नियम म्हणजे नियम. गॅसवाला जिना उतरताना माझ्याकडे बघून म्हणाला, "तुमची बी तपासणी हाय वाटतं, ताई."

होती. त्या दिवशी मी दोनदा परत घरी गेले. पहिल्यांदा हाताला लोणच्याचा वास आला म्हणून, दुसऱ्यांदा हात ओले होते म्हणून. तिसऱ्या वेळी पास झाले. दहावीच्या निकालानंतरही मला इतकं हायसं वाटलं नव्हतं.

बडेकर काका आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. कर्जतला आम्ही राहायला आलो त्याला चार वर्षं झाली; त्याआधी दोन वर्षं काकू गेल्या होत्या, त्यामुळे मी त्यांना कधी पाहिलं नाही. काकांनी आयुष्यभर रेल्वेच्या एका ड्रॉइंग ऑफिसात नकाशे काढले. गावाकडची शेती भावाने केली, काकांनी रेषा ओढल्या. निवृत्त होताना लोक घड्याळ घेऊन येतात. काका घाट घेऊन आले. म्हणजे आमच्या इथून बोरघाटावर चढणाऱ्या जुन्या लाईनचे पूल, बोगदे, भिंती, यांची मूळ ड्रॉइंगं आणि फोटो, तेरा पत्र्याच्या नळ्यांत आणि दोन लाकडी कपाटांत.

त्यांच्या दोन खोल्यांपैकी मोठी खोली ड्रॉइंगांची आहे. काका स्वयंपाकघरात झोपतात. पावसाळ्यात ड्रॉइंगांच्या कपाटात चार महिने बल्ब जळतो आणि त्या खोलीतला पंखा बंद होत नाही. काकांच्या वाट्याला पुठ्ठ्याचा तुकडा येतो, तो ते स्वतःच्या हाताने हलवतात.

मी त्या घरात पोचले ती आईमुळे. काकांना सगळं स्कॅन करून हवं होतं, आणि आईने मला परस्पर देऊन टाकलं. "आमची अनू फारशी बोलत नाय, पण कॉम्प्युटरचं सगळं येतं तिला," असं तिने जिन्यात सांगितलं. यातला दुसरा भाग काकांना उपयोगी वाटला असेल असं मी समजत होते. पुढे कळलं की पहिला.

कारण काकांशी बोलणं सोपं नाही. त्यांच्यासमोर कुणी काही वाढवून सांगितलं की ते एकच वाक्य म्हणतात : "स्केलवर बोला." सोसायटीच्या सेक्रेटरींनी सांगितलं, पुतणीच्या लग्नाला हजारभर माणूस होतं. "स्केलवर बोला. मंडप किती बाय किती?" सेक्रेटरींनी मंडप सांगितला. काकांनी खुर्चीला दोन फूट धरून, मध्ये वाट सोडून, जागच्या जागी हिशेब केला आणि सेक्रेटरींची सहाशे माणसं हाकलून दिली. गुडघा दुखत होता म्हणून डॉक्टरांकडे गेले, तर डॉक्टरांनी विचारलं, दुखणं एक ते दहामध्ये किती. काका म्हणाले, "पहिलं दहा म्हंजे किती, ते ठरवा." डॉक्टर अजून ठरवतायत. खालापूरला एक दाखला आणायला गेले होते; तिथे भिंतीवरच्या तालुक्याच्या नकाशाखाली स्केल नव्हतं. काकांनी खिशातली पेन्सिल काढून ते काढलं, खाली तारीख घातली आणि परत आले. दाखला राहिला.

कळंबच्या वाटेवर एका रिसॉर्टने पाटी लावली होती : 'फक्त पाच मिनिटांवर!' काका एका सकाळी पाटीपासून रिसॉर्टच्या फाटकापर्यंत चालत गेले आणि परत येऊन पाटीखाली खडूने लिहिलं, 'चालत बावन्न मिनिटे. सावली नाही.' रिसॉर्टचे मालक भांडायला आले. शर्टावर काळा चष्मा लटकवलेला. पण घरात शिरल्यावर त्यांनी टेबलावरची ड्रॉइंगं पाहिली आणि भांडण विसरून गेले.

"काका, आपली नवी हॉटेलची भिंत हाय ना, तिथं आपल्याला हेरिटेज थीम करायची हाय. ही वीस-पंचवीस द्या. मस्त लॅमिनेट करून लावतो."

लॅमिनेट हा शब्द ऐकून काकांचा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं आहे. त्यांनी अतिशय शांतपणे विचारलं, "तुमचे आजोबा हायत का?"

"नाय, गेले."

"त्यांना लॅमिनेट केलं होतं का?"

मालकांनी चहा अर्धा ठेवला. पाटी मात्र बदलली. आता तिथे 'अगदी जवळ' असं लिहिलं आहे, आणि काका म्हणतात की याला कायद्याने काही करता येत नाही.

ही ड्रॉइंगं काकांकडे आली कशी, ती गोष्ट ते हात धुतलेल्या प्रत्येकाला सांगतात. जुनी ड्रॉइंगं कागदावर नसत, खळ दिलेल्या तलम सुती कापडावर असत. नव्या प्रती झाल्या की जुनी कापडं कोपऱ्यात पडत. कुणाच्या तरी लक्षात आलं की हे कापड गरम पाण्यात भिजत घातलं की खळ आणि शाई निघून जाते आणि आत झकास मऊ कापड मिळतं. मग ऑफिसात रुमालांची चंगळ झाली. "चवदा नंबरचा बोगदा आमच्या हेडक्लार्कच्या खिशात होता," काका सांगतात. "एक आख्खा पूल शिपायाच्या पोराच्या झबल्यात गेला. शिंकायचे, घाटाला नाक पुसायचे." काकांनी मग घरून जुनी धोतरं, पंचे, साड्या न्यायला सुरुवात केली. एक ड्रॉइंग द्या, दोन हात कापड घ्या. जे ड्रॉइंग नंतर रीतसर रद्द म्हणून निघालं, ते त्यांनी अर्ज करून मागून घेतलं. सगळ्या अर्जांच्या प्रती आहेत. काकूंच्या किती साड्या गेल्या हे मात्र कुठल्या अर्जात नाही.

तरी बरीच ड्रॉइंगं हातची गेलीच. ज्या पुलांची गेली, त्यांची काकांनी नव्याने काढली. तीसेक वर्षं, दर रविवारी. सोडून दिलेल्या जुन्या मार्गावर चालत जायचं, पुलाचा फोटो घ्यायचा आणि घरी येऊन फोटोवरून माप काढायचं. आता फोटोवरून माप काढायचं तर फोटोत एखादी माहीत असलेल्या उंचीची वस्तू हवी. ऑफिसात त्यासाठी लाल-पांढरे पट्टे असलेली काठी असते. काकांकडे काठी नव्हती. काकू होत्या.

लग्नानंतर आठव्या दिवशी काकांनी त्यांना दाराच्या चौकटीला टेकवून मापलं होतं. चार फूट अकरा इंच. तेव्हापासून घाटातल्या प्रत्येक फोटोत, खांबाला खेटून, काकू उभ्या. साडी जमिनीपर्यंत, हात सरळ, मान ताठ, नजर समोर. लोक काश्मीरला फोटो काढतात. काकू चाळीस पुलांच्या खाली उभ्या आहेत, एकाही फोटोत हसलेल्या नाहीत, कारण काकांनी सांगितलं होतं की हसताना मान हलते. आणि प्रत्येक ड्रॉइंगच्या कोपऱ्यात, काकांच्या सुरेख अक्षरात : 'स्केल : मंडळी = ४ फू. ११ इं.'

या सगळ्यात एक पूल होता, नंबर सत्तावीस, ज्याचं मूळ ड्रॉइंगही वाचलं होतं आणि फोटोही होता. आणि दोघांचं जमत नव्हतं. ज्या इंग्रज साहेबाने ते ड्रॉइंग काढलं होतं, त्याने खांबाची उंची एकवीस फूट चार इंच लिहिली होती. काकूंच्या मापाने ती बरोबर वीस फूट येत होती. पूल आता भरावाखाली गेला आहे, जाऊन मोजायची सोय नाही.

दुसऱ्या कुणी विचार केला असता की आपलं काही चुकलं असेल. काकांनी ठरवलं की साहेब चुकला. "ताप भरला आसंल. नवीन माणूस, हितलं पाणी, हिवताप." पस्तीस वर्षं ते ज्याला त्याला पत्रं लिहीत होते की मूळ ड्रॉइंग चुकीचं आहे, दुरुस्त करावं. 'आपले पत्र मिळाले' अशी उत्तरं एका फायलीत आहेत. "एक फूट चार इंच कुठं गेले?" हे काका मला रोज सकाळी विचारत, जसं काही मी ते साहेबाबरोबर मिळून खाल्ले होते.

मागच्या पावसाळ्यात त्या खोलीची भिंत पाझरली. अकरा ड्रॉइंगं एकमेकांना चिकटली ती सुटली नाहीत. काकांनी त्यांचा गठ्ठा वेगळ्या नळीत ठेवलाय, ती नळी ते उघडत नाहीत. त्यानंतरच त्यांनी मुंबईच्या एका संग्रहालयाला लिहिलं आणि स्कॅनिंगसाठी मला बोलावलं. संग्रहालय सगळं घ्यायला तयार होतं. कोरडी खोली, सपाट खण, सगळं. काकांची अट एकच : पूल नंबर सत्तावीसच्या मूळ ड्रॉइंगबरोबर 'हे माप चुकीचे आहे' अशी नोंद हवी. संग्रहालयाने कळवलं की फोटोंच्या मापाची खात्री पटल्याशिवाय अशी नोंद करता येणार नाही. त्यांच्या एक अधिकारी मॅडम शनिवारी येऊन बघणार होत्या.

"नोंद नाय तर काय पण नाय," काका म्हणाले.

आई म्हणाली, "अहो काका, लिहून टाका ना साहेब बरोबर म्हणून. कोण बघायला जातंय? पाऊस काय थांबणार हाय का तुमच्यासाठी?"

काका आठ दिवस आईशी बोलले नाहीत. मला मात्र वाटत होतं की तिचं पावसाबद्दलचं म्हणणं स्केलवर होतं.

शनिवारच्या आधी, बुधवारी दुपारी, मी सत्तावीस नंबरची निगेटिव्ह स्कॅन करत होते. मोठ्यात मोठ्या साइजला केली, कारण मॅडम त्याचंच माप बघणार होत्या. आणि स्क्रीनवर काकूंच्या पायांपाशी आले. साडीच्या काठाखालून पाऊल दिसायला हवं होतं. तिथे एक कोपरा दिसत होता. लाकडाचा, त्यावर पितळेची पट्टी. त्या पट्टीला दोन खिळे आणि तिसऱ्याची रिकामी जागा.

ती पट्टी माझ्या ओळखीची होती. ऑफिसच्या जुन्या कॅमेऱ्याची सागवानी पेटी काकांच्या टेबलावर आहे, त्यात पेन्सिली असतात. मी मान वळवून पाहिलं. दोन खिळे, एक जागा रिकामी.

मग मी बाकीचे फोटो एकेक करून मोठे केले. सगळीकडे काठ नीट पसरलेला होता, झाकून घेतलेला. पण एकदा कळल्यावर दिसत होतं. काकू चाळीसच्या चाळीस पुलांखाली पेटीवर उभ्या होत्या.

मला हे कसं सांगावं ते कळेना. लॅपटॉप काकांकडे फिरवला आणि त्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

काकांनी स्क्रीनला भिंग लावलं. भिंगाची गरज नव्हती. मग उठून पेटीतल्या पेन्सिली काढून ठेवल्या, पेटी टेबलावर आडवी ठेवली आणि फूटपट्टीने तिची उंची मोजली. चार इंच. कागदावर आकडे मांडले. काकूंचे एकोणसाठ इंच अधिक पेटीचे चार, असे त्रेसष्ट इंच धरून पुन्हा हिशेब केला. खाली उत्तर लिहिलं, एकवीस फूट चार इंच, आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.

"साहेब बरोबर," ते म्हणाले.

ते पेटीच्या झाकणावरून अंगठा फिरवत होते.

"पयल्या फोटोच्या टायमाला बोलली होती, पुलाम्होरं मी लई ठेंगणी दिसते. मी बोल्लो, तू दिसाय नाय उभी, मापाला उभी हायस. मंग परत कधी काय बोलली नाय." मग म्हणाले, "पेटी मागून घ्यायची. आणा मी धरते, बोलायची. मला वाटायचं सांभाळाय घेते. मी कॅमेऱ्यातनं बघायचो तवा मला पूलच दिसायचा गं."

खाली रस्त्यावर कुणीतरी टेंपो मागे घेत होतं; त्याचं टुंग टुंग बराच वेळ चाललं.

"ह्यो खालचा तुकडा कापता येतो का? फोटोचा?"

आयुष्यात ज्या माणसाने फोटोचा पांढरा काठही कुणाला कापू दिला नव्हता, तो हे विचारत होता. मी मान हलवून हो म्हटलं.

"नको," ते म्हणाले. "कापायचं नाय. पन तू कुणाला बोलू नको. लोक हसतील तिला."

शनिवारी संग्रहालयाच्या मॅडम आल्या. त्यांनी दारातच न सांगता पिशवीतून पांढरे हातमोजे काढून घातले. एरवी काकांनी त्यांना घर लिहून दिलं असतं. त्या दिवशी त्यांचं लक्षच नव्हतं. इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि टेबलावरची पेटी दिसत नव्हती.

मॅडमनी दोन तास सगळं पाहिलं. कापडावरची ड्रॉइंगं बघताना त्या मधूनच थांबत आणि श्वास घेत, त्यावरून मला त्या आवडल्या. मी पाणी दिलं, नळ्या उघडल्या, नळ्या बंद केल्या. शेवटी त्यांनी पूल नंबर सत्तावीस समोर घेतला आणि फॉर्म काढला.

"काका, तुमचं म्हणणं आहे की मूळ ड्रॉइंग चुकीचं आहे."

"नाय," काका म्हणाले. "साहेबाचं बरोबर हाय. चूक माझी."

मॅडमनी फायलीकडे पाहिलं. पस्तीस वर्षांची पत्रं त्यांच्यासमोरच होती. "तुमची? म्हणजे नेमकी कशी?"

"माप चुकलं."

"कशामुळे?"

"चुकलं. म्हातारा माणूस, चुकतो."

हा फोटो काढला तेव्हा ते चाळिशीतही नव्हते. मॅडमनी पेन खाली ठेवलं. "काका, मूळ ड्रॉइंगं आम्ही घेऊच. पण ही चाळीस तुम्ही काढलेली आहेत, हे पूल आता कुठेच उरलेले नाहीत. यांचं स्केल चुकलंय आणि का चुकलंय ते माहीत नाही, असं असेल तर मला ही घेता येणार नाहीत. घेतली तरी वर 'अंदाजे' असं लिहावं लागेल."

अंदाजे. काकांसमोर हा शब्द आजवर कुणी उच्चारून सुखरूप बाहेर पडलं नव्हतं. काकांनी फक्त मान खाली घातली. त्यांना एका वाक्यात सगळं सोडवता आलं असतं. ते वाक्य त्यांच्याकडे बुधवारपासून होतं. ते टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले, आणि मला कळलं की ते आता काहीही म्हणणार नाहीत. चाळीस पूल गेले तरी चालतील, पण काकू पेटीवर उभ्या होत्या हे या घराबाहेर जाणार नाही.

मॅडमनी शेवटचं म्हणून एक फोटो उचलला. "या बाई प्रत्येक फोटोत आहेत. स्केल यांच्यावरूनच धरलंय ना? मग यांची खरी उंची तेवढी कळली तरी माझं काम होईल. सगळी मापं त्यावरून पुन्हा बसवता येतील." त्यांनी फॉर्मवरचा रकाना शोधला. "काय लिहू?"

काकांनी वर पाहिलं नाही. पंखा फिरत होता, ड्रॉइंगांच्या कडा किंचित हलत होत्या. मॅडम काकांकडे बघत होत्या, त्यामुळे आवाज कुठून आला ते त्यांना लगेच कळलं नाही. मलाही माझा आवाज जरा मोठाच वाटला.

"पाच फूट तीन इंच," मी म्हणाले.